रीबूट, कॅनन आणि झिजलेले शब्द: सायफाय फॅन्सचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोकांनीच पाठवलेत, आणि त्यातले बरेच दर नव्या ट्रेलरनंतर परत येतात. विचारणाऱ्याची भाषा शक्यतो तशीच ठेवलीये. एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे येऊन गेलं असेल तर तिथला नंबर दिलाय, तेच तेच परत लिहिलेलं नाही. जुन्या सिनेमा-मालिकांमधल्या मोठ्या घडामोडी खाली उघडपणे येतात, तेवढं सांभाळून वाचा.

१. रीबूट म्हणजे नक्की काय? हल्ली जे येईल त्याला लोक रीबूटच म्हणतात.

जुन्या फ्रँचायझीचं (म्हणजे एकाच जगातल्या सिनेमा-मालिकांच्या साखळीचं) नाव, पात्रं, जग घ्यायचं, पण आधी जे काही दाखवलं ते घडलंच नाही असं धरून गोष्ट पहिल्यापासून सांगायची, याला रीबूट म्हणतात. शब्द कॉम्प्युटरमधून आलाय, तिकडे मशीन परत चालू केलं की मेमरीत जे चाललं होतं ते पुसलं जातं, इथेही तेच. त्यामुळे ओळखायला एकच प्रश्न पुरतो: जुन्या भागात घडलेलं नव्या भागात अजून घडलेलं आहे का? नसेल तर रीबूट. असेल तर नाही, मग नट नवे असोत, सेट नवे असोत की मधे तीस वर्षं गेलेली असोत.

'प्लॅनेट ऑफ द एप्स' घ्या. १९६८ चा सिनेमा आणि त्याचे चार पुढचे भाग, त्यात काळात मागे आलेल्या वानरांमुळे सगळं चक्र सुरू होतं असं दाखवलंय. २०११ च्या सिनेमात मात्र वानरांना अक्कल येते ती अल्झायमरवरच्या औषधाच्या प्रयोगातून. मुळाशीच कारण बदललं, म्हणजे जुन्यातलं काहीच शिल्लक नाही, हे खरं रीबूट.

२. मग रीमेक, रिव्हायव्हल, लेगसी सीक्वेल हे काय असतं? सगळं एकच ना?

नाही हो, आणि हे एकच धरल्यामुळेच निम्मी भांडणं होतात. रीमेक म्हणजे तीच एक गोष्ट परत काढणं, उदाहरणार्थ 'रोबोकॉप' १९८७ चा आणि २०१४ चा, किंवा 'टोटल रिकॉल' १९९० आणि २०१२. रिव्हायव्हल म्हणजे बंद पडलेली मालिका तिथूनच पुढे चालू करणं, 'एक्स-फाइल्स' २०१६ मध्ये आली ती अशी. लेगसी सीक्वेल म्हणजे बऱ्याच वर्षांनी आलेला पुढचा भाग ज्यात जुनी पात्रं म्हातारी होऊन येतात आणि नव्या पोरांच्या हाती कारभार देतात, 'स्टार वॉर्स'चा २०१५ चा सिनेमा किंवा २०१७ चा 'ब्लेड रनर २०४९'. यातला एकही प्रकार रीबूट नाही, रीमेक त्यातल्या त्यात जवळचा, पण रीमेक एका गोष्टीचा होतो आणि रीबूट अख्ख्या मालिकेचं.

३. २००९ चा स्टार ट्रेक रीबूट आहे की नाही? आमच्या ग्रुपमध्ये यावरून दोन पार्ट्या पडल्यात.

दोन्ही पार्ट्यांचं थोडं थोडं बरोबर आहे. सिनेमात काय होतं की निरो नावाचा रोम्युलन (परग्रहावरच्या एका जातीतला) २३८७ सालातून मागे २२३३ मध्ये येतो, केल्विन या जहाजावर हल्ला करतो, मालिकेचा नायक कर्क याचे वडील त्यात जातात आणि तिथून इतिहासाला वेगळा फाटा फुटतो. आता कर्क, स्पॉक सगळे तरुण, नट नवे, गोष्ट पहिल्यापासून, म्हणजे प्रेक्षकाला अनुभव रीबूटचाच येतो. पण लिओनार्ड निमॉय जुना स्पॉक म्हणूनच येतो आणि त्याला जुनं सगळं आठवतंय! जुनी टाइमलाइन तिकडे शाबूत आहे, २०२० च्या 'पिकार्ड' मालिकेत तर ज्या स्फोटामुळे निरो बिथरला त्याचेच परिणाम पुढे दाखवलेत.

त्यामुळे प्रश्न १ ची कसोटी लावली तर हे रीबूट नाही, ही समांतर टाइमलाइन आहे. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते कारण जुन्या फॅनचं काहीच हिरावून घेतलं नाही आणि तरी नव्या माणसाला सातशे एपिसोड बघून या असंही सांगितलं नाही. नुसतं रीबूट म्हटलं की ही सगळी मेहनतच दिसेनाशी होते, म्हणून मी या शब्दावर एवढा अडून बसतो.

४. डॉक्टर हू २००५ ला नव्याने सुरू झाली, एपिसोड नंबरही एकपासून, मग ते तरी रीबूट ना?

नाही. ही १९६३ ला सुरू झालेली, १९८९ ला बंद पडलेली, १९९६ मध्ये एका टीव्ही सिनेमापुरती परत आलेली तीच मालिका आहे. २००६ मध्ये सारा जेन हे सत्तरच्या दशकातलं पात्र परत आलं, नटी तीच, एलिझाबेथ स्लेडन, आणि तिला तिचा डॉक्टर (म्हणजे मालिकेचा नायक) आठवतो, त्याने तिला सोडून दिलं त्याचा राग पण आठवतो. आता याहून मोठा पुरावा काय पाहिजे. सीझनचे नंबर परत एकपासून लावले ते नव्या प्रेक्षकाला भीती वाटू नये म्हणून, नंबर बदलल्याने गोष्ट पुसली जात नाही.

५. मुख्य नट बदलला की रीबूट झालं असं धरायचं का?

नाही, नटावरून काहीच ठरत नाही. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' मध्ये मेल गिब्सनच्या जागी टॉम हार्डी आला पण दिग्दर्शक जॉर्ज मिलरच आणि मॅक्सही तोच. डॉक्टर हू मध्ये तर १९६६ पासून नट बदलणं हा गोष्टीचाच भाग केलाय.

उलटंही होतं, नट तोच पण गोष्ट वेगळी. रिचर्ड हॅच जुन्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'चा अपोलो होता, नव्या मालिकेत तो टॉम झॅरेक या पूर्ण वेगळ्या माणसाच्या भूमिकेत आला. नव्याच्या बाबतीत प्रश्न ७ बघा.

६. ड्यून तीनदा आला. तीन रीबूट?

एकही नाही. मूळ कादंबरी १९६५ ची, त्यावर १९८४ चा सिनेमा, २००० ची मिनी-सीरीज आणि २०२१ चा सिनेमा, ही तिन्ही त्या पुस्तकाची रूपांतरं. प्रत्येक जण पुस्तकाकडे गेला, आधीच्या सिनेमाकडे नाही.

७. रीइमॅजिनिंग हा शब्द नुसता मार्केटिंगचा आहे का?

आता बहुतेक वेळा हो, पण एका मालिकेने तो शब्द खरा करून दाखवला होता आणि त्याबद्दल जरा सविस्तर बोलायला पाहिजे.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' पहिल्यांदा आली १९७८ मध्ये, एका सीझनमध्ये आटोपली. २००३ ला रोनाल्ड मूर यांनी मिनी-सीरीज केली आणि मग २००४ ते २००९ मालिका. सांगाडा तोच ठेवला, म्हणजे यंत्रांनी माणसांच्या वसाहती संपवल्या आणि उरलेली जहाजं पृथ्वी शोधत निघाली, पण बाकी सगळं विचारपूर्वक उलटवलं. जुन्या मालिकेत सायलॉन हे परग्रहावरच्या एका जातीने बनवलेले रोबो होते, नव्यात ते माणसानेच बनवले आणि ते माणसासारखेच दिसतात, तुमच्या शेजारी कोण आहे ते कळत नाही. २००१ च्या हल्ल्यांनंतरचा काळ होता, त्यामुळे भीती, संशय, कैद्यांचा छळ, लष्कर आणि सरकार यातला ताण हे सगळं त्यात उतरलं. स्टारबक हा पुरुष होता, तिथे केटी सॅकहॉफ आली, यावरून तेव्हा किती आरडाओरडा झाला होता! रिचर्ड हॅच यांना तर जुनीच गोष्ट पुढे न्यायची होती, त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं धडपड केली होती, त्यांचा नव्याला विरोध होता आणि तरी शेवटी तेच त्यात आले आणि सुंदर काम केलं.

तर रीइमॅजिनिंग म्हणजे हे: जुन्या कल्पनेला आजचा प्रश्न विचारणं. ज्या सिनेमात फक्त जहाजाचा रंग गडद केलाय त्याला हा शब्द लावला की मूरसारख्यांनी केलेल्या कामाला नावच उरत नाही.

८. कॅनन म्हणजे काय आणि ते ठरवतं कोण?

कॅनन म्हणजे त्या जगात जे अधिकृतपणे घडलं असं मानायचं तेवढं. शब्द बायबलच्या अभ्यासातला, कथांना लावायची पद्धत शेरलॉक होम्सच्या चाहत्यांनी आणली, रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये होम्सकथांवर बायबलच्या अभ्यासकांच्या थाटात निबंध वाचला तिथपासून. होम्सच्या बाबतीत सोपं आहे, मूळ लेखकाच्या ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा, बास.

फ्रँचायझीत मात्र हक्क ज्याच्याकडे तो ठरवतो. २०१२ मध्ये डिस्नेने 'स्टार वॉर्स' काढणारी लुकासफिल्म कंपनी घेतली आणि एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं की सिनेमे आणि 'क्लोन वॉर्स' सोडून आधीच्या सगळ्या कादंबऱ्या, कॉमिक्स वगैरे आता 'लेजेंड्स'. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं ती पुस्तकं वाचली त्यांना एका दिवसात सांगितलं गेलं की यातलं काही घडलंच नाही. ते दुःख खरं आहे, त्याला कोणी हसू नये. पण पुस्तकं जाळली नाहीत ना कोणी, ती आहेत, छापली जातायत, आणि १९९१ च्या कादंबरीतला थ्रॉन २०१६ मध्ये 'रेबेल्स' मालिकेतून कॅननमध्ये परतही आला.

माझं मत असं की कॅनन हा लेखकांच्या सोयीचा शब्द आहे, पुढचा भाग लिहिताना कशाचं भान ठेवायचं एवढंच तो सांगतो. 'ही गोष्ट चांगली आहे' या अर्थाने तो वापरला जातो तेव्हा गडबड होते.

९. हेडकॅनन आणि फॅनॉन?

हेडकॅनन म्हणजे तुमच्या एकट्याच्या डोक्यातलं. तेच इतक्या जणांनी मानलं की नवीन माणसाला ते गोष्टीत खरंच आहे असं वाटायला लागतं, तेव्हा ते फॅनॉन. वाद घालण्याआधी आपण यातलं कुठलं बोलतोय ते तपासलं तर बराच वेळ वाचतो.

१०. रेटकॉन म्हणजे लेखकाची चूक झाकणं ना?

कधी कधी. पण आधी सांगितलेल्याचा अर्थ नंतर मुद्दाम बदलणं, त्यात नवी माहिती घालणं, हे सगळं रेटकॉनच. १९७७ च्या 'स्टार वॉर्स' मध्ये ओबी-वान ल्यूकला सांगतो की व्हेडरने तुझ्या वडिलांना मारलं. १९८० मध्ये कळतं व्हेडरच वडील. १९८३ मध्ये ओबी-वान म्हणतो, एका दृष्टीने मी खरंच बोललो होतो. म्हणजे या अख्ख्या मालिकेतला सगळ्यात गाजलेला क्षण रेटकॉन आहे! त्यामुळे 'हे रेटकॉन आहे' एवढं म्हणून टीका पूर्ण होत नाही, त्याने जुन्या सीनला वजन आलं की जुना सीन खोटा पडला ते सांगायला लागतं. आणि रेटकॉन म्हणजे रीबूट पण नाही, जुनं घडलेलंच असतं, फक्त वेगळं दिसायला लागतं.

११. स्टुडिओ सारखे रीबूट का करतात? कल्पना संपल्यात का?

कल्पना भरपूर आहेत. ओळखीच्या नावावर तिकीट विकणं सोपं पडतं हे पहिलं कारण, ते सगळ्यांना माहितीये. दुसरं कमी बोललं जातं, ते म्हणजे हक्क. बऱ्याच करारांत अट असते की ठराविक मुदतीत सिनेमा काढा नाहीतर हक्क परत जातील. 'फँटास्टिक फोर'चा एक सिनेमा १९९४ मध्ये अगदी कमी पैशात बनवला आणि तो अधिकृतपणे कधी प्रदर्शितच झाला नाही, पण हक्क राहिले. मग २००५, २०१५, २०२५ असे परत परत पहिल्यापासून. तिसरं कारण म्हणजे इतिहासाचं ओझं, कॉमिक्समध्ये हे आधी झालं, डीसी या कॉमिक्स कंपनीने १९८५-८६ च्या 'क्रायसिस'मध्ये सगळी विश्वं एकत्र केली आणि २०११ ला परत पाटी कोरी केली. गुंता सोडवायला केलेल्या गोष्टीने नवा गुंता होतो, हे त्यातून दिसलं.

१२. टर्मिनेटरमध्ये काही भाग मानायचे, काही नाही, हे कसलं रीबूट?

हे रीबूट नाही, हे फांदी छाटून जुन्या खोडावर परत कलम करणं आहे. २०१९ चा 'डार्क फेट' १९८४ आणि १९९१ चे दोन सिनेमे मानतो, मधले सगळे सोडून देतो. गॉडझिलावाल्यांनी हे फार आधी केलं, १९८४ चा सिनेमा फक्त १९५४ चा पहिला मानतो, मधले सगळे गायब. २००६ चा सुपरमॅनचा सिनेमाही असाच, पहिल्या दोन भागांच्या मागून आल्यासारखा, तिसरा-चौथा नाहीच. याला अजून नीट रुळलेलं नाव नाही, म्हणून मी तरी 'अमुक भागापासून पुढे' असं सरळ लिहितो आणि कोणी गोंधळत नाही.

१३. मल्टिव्हर्स आलं की सगळं चालतं का?

चालवून घेतलं जातं, हे जास्त खरं. समांतर विश्व ही सायफायमधली जुनी आणि खूप मोठी कल्पना आहे, दुसऱ्या निवडीने मी कोण झालो असतो हा प्रश्न त्यात असतो. त्याचा वापर जुना नट दोन मिनिटं दाखवून टाळ्या घ्यायला केला की मृत्यूला किंमत राहत नाही, कारण दुसऱ्या विश्वातून तोच माणूस परत आणता येतो. प्रश्न ३ मधल्या सिनेमात वेगळ्या टाइमलाइनची किंमत मोजलीये, स्पॉकचा व्हल्कन ग्रह जातो तो जातोच.

१४. 'डार्क', 'ग्रिटी', 'एपिक', 'आयकॉनिक' या शब्दांनी तुम्हाला एवढा काय त्रास होतो?

त्रास असा होतो की मी एखाद्याचं मत मोठ्या आशेने वाचायला घेतो आणि शेवटी मला सिनेमाबद्दल काहीच कळलेलं नसतं. 'आयकॉनिक' हेल्मेट, 'आयकॉनिक' संवाद, ट्रेलर आज आला आणि त्यातलं जहाज आजच 'आयकॉनिक', अरे लोकांच्या मनात बसायला त्याला दहा वर्षं तरी द्या. 'एपिक' म्हणजे लांब? महाग? की पिढ्यान्पिढ्यांची गोष्ट? 'ग्रिटी'चं तर २००५ नंतर असं झालं की बॅटमॅन आणि गॅलॅक्टिका गाजले, आणि मग प्रत्येक रीबूटची जाहिरात ग्रिटी म्हणून. पण गॅलॅक्टिकात राष्ट्राध्यक्षा पाठीमागच्या फळ्यावर उरलेल्या माणसांचा आकडा लिहिते आणि कोणी गेलं की तो पुसून कमी करते, तो आकडा बघून पोटात गोळा येतो. हे जे मी आत्ता लिहिलं ना, एवढं एक वाक्य लिहिलं की 'ग्रिटी' लिहायची गरजच उरत नाही.

मी शब्द वापरू नका म्हणत नाहीये. त्याच्यामागे एक तरी सीन ठेवा, एवढंच मागणं आहे.

१५. गोष्टीच्या आत पण शब्द झिजतात का? सारखं क्वांटम क्वांटम चालू असतं.

झिजतात, त्याला टेक्नोबॅबल म्हणतात. स्टार ट्रेकच्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेच्या स्क्रिप्टमध्ये लेखक बऱ्याचदा संवादात नुसतं 'टेक' असं लिहून पुढे जायचे आणि तिथे काय शास्त्रीय शब्द घालायचा ते विज्ञान सल्लागार नंतर भरायचे, हे खुद्द रोनाल्ड मूर यांनी सांगितलंय, ते तिथेच लिहायला शिकले. ती मालिका मला प्रिय आहे आणि तरी सांगतो, ज्या एपिसोडचा शेवट अशा भरलेल्या शब्दांवर सुटतो ते लक्षात राहत नाहीत, आणि जिथे माणसाला निर्णय घ्यावा लागतो ते राहतात. 'क्वांटम' हे आजचं 'टेक'.

१६. नायिका सगळ्यात हुशार दाखवली की लगेच मेरी सू म्हणायचं का?

नाही. मेरी सू हे १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी स्टार ट्रेकच्या एका फॅनझीनमध्ये (चाहत्यांनीच काढलेल्या अंकात) लिहिलेल्या छोट्या विडंबनातलं पात्र, साडेपंधरा वर्षांची, फ्लीटमधली सगळ्यात तरुण लेफ्टनंट, सगळे तिच्यावर फिदा. फॅन-लेखनात लेखिका स्वतःलाच गोष्टीत घुसवते त्यावर ती टीका होती. आता कुठल्याही कर्तबगार बाईला हे लावतात आणि तसंच वागणाऱ्या पुरुष नायकाला कोणी काही म्हणत नाही. पात्र कच्चं वाटत असेल तर कुठे कच्चं ते सांगा: तिला कधीच हरावं लागत नाही, तिच्या चुकीची किंमत कोणी मोजत नाही, असं काहीतरी.

१७. शब्दांचे अर्थ तर बदलतच असतात, एवढं काय त्यात?

बदलतात, आणि काही बदल छान असतात. 'स्पेस ऑपेरा' हा शब्द विल्सन टकर यांनी १९४१ मध्ये रद्दी अवकाशकथांना नावं ठेवायला काढला होता, आज तो आनंदाने लावला जाणारा प्रकार आहे. 'सायफाय' फॉरेस्ट अॅकरमन यांनी १९५४ च्या सुमारास चालवला, जुन्या लोकांना तो वर्षानुवर्षं आवडला नाही, ते एसएफ म्हणायचे, आज कोणाला काही वाटत नाही आणि मी पण बिनधास्त वापरतो. या शब्दांचा अर्थ बदलला पण अर्थ राहिला. रीबूटचं वेगळं आहे, तो रीमेक, सीक्वेल, रिव्हायव्हल, रूपांतर सगळ्यालाच लागतो, म्हणजे ऐकून काहीच कळत नाही.

१८. फॅन काय म्हणतात याने फरक पडतो का कोणाला?

पडतो. १९६८ मध्ये स्टार ट्रेक दुसऱ्या सीझननंतर बंद पडणार अशी चिन्हं होती तेव्हा ब्यो आणि जॉन ट्रिंबल यांनी पत्रांची मोहीम चालवली आणि तिसरा सीझन झाला. १९७६ ला नासाच्या पहिल्या शटलला स्टार ट्रेकमधल्या जहाजाचं एंटरप्राइज हे नाव मिळालं तेही फॅन्सच्या पत्रांमुळे. पत्रात काय हवंय आणि का हवंय ते नीट लिहिलेलं होतं. 'माझं बालपण उद्ध्वस्त केलं' या वाक्याने कोणाला काय करायचं ते कळत नाही.

१९. नवीन माणसाने कुठून सुरू करावं? रीबूटपासून चालेल का?

चालेल, बिनधास्त चालेल. रीबूट असतंच त्यासाठी. गॅलॅक्टिका २००३ च्या मिनी-सीरीजपासून, डॉक्टर हू २००५ पासून (हे रीबूट का नाही ते प्रश्न ४ मध्ये), वानरांचे सिनेमे २०११ पासून. आणि आवडलं तर मग १९६८ चा बघाच. 'जुनं न बघता तू फॅन कसला' असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका, आपण सगळे मधूनच कुठूनतरी आलेलो असतो.

२०. शेवटचा आणि किचकट: गोष्ट तीच, पण दिसणं पूर्ण बदललं तर? क्लिंगॉनचं कपाळ?

हा माझा लाडका प्रश्न. साठच्या दशकातल्या स्टार ट्रेक मालिकेत क्लिंगॉन ही परग्रहावरची जात जवळपास माणसांसारखी दिसते, १९७९ च्या सिनेमात अचानक त्यांच्या कपाळावर उंचवटे आले. पैसे आले, मेकअप सुधारला, एवढंच कारण. प्रेक्षकांनी ते मनातल्या मनात मान्य करून टाकलं. मग १९९६ मध्ये 'डीप स्पेस नाइन' या स्टार ट्रेकच्याच मालिकेत वर्फ हा क्लिंगॉन आणि मंडळी काळात मागे जातात, जुने क्लिंगॉन समोर दिसतात आणि सगळे वर्फकडे बघतात, तर तो म्हणतो आम्ही बाहेरच्यांशी याबद्दल बोलत नाही. तिथे थांबले असते तरी चाललं असतं. पण २००५ मध्ये 'एंटरप्राइज' मालिकेने दोन एपिसोड खर्चून एका विषाणूचं कारण दिलं, म्हणजे मेकअपचा फरक पण कॅनन झाला. काहींना ते जास्त वाटतं, मला उलट त्यात प्रेम दिसतं.

तर उत्तर: दिसणं बदललं आणि घडलेलं तसंच राहिलं तर ते रीबूट नाही, नवीन 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' मधलं एंटरप्राइज १९६६ पेक्षा कितीही चकाचक दिसलं तरी ते तेच जहाज आहे. साधी बटणं आणि रंगीत दिवे तेव्हाच्या बजेटचे होते, ते गोष्टीतले नव्हते.